धुराडं मोजा, सरपण नंतर

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन हे येल विद्यापीठाचं शहर आहे. तिथल्या माणसाला चांगला पिझ्झा कुठे मिळतो असं विचारलं, तर तीन नावं येतात. वूस्टर स्ट्रीटवरचं १९२५ सालचं फ्रँक पेपे, त्याच रस्त्यावर पेपेच्या भाच्यानं १९३८ मध्ये काढलेलं सॅलीज, आणि स्टेट स्ट्रीटवरचं मॉडर्न. कोणाचा पहिला नंबर यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. या वादात एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. पेपे आणि सॅलीजच्या भट्ट्या कोळशावर चालतात, मॉडर्नची भट्टी तेलावर चालते. म्हणजे ज्या शहराचा पिझ्झा ‘कोळशाच्या भट्टीतला’ म्हणून जगभर मिरवला जातो, त्याच शहरात कोळसा नसलेलं दुकान बरोबरीनं तिसऱ्या खुर्चीवर बसलेलं आहे आणि गिऱ्हाईक तिथेही रांग लावतं.

हे ध्यानात ठेवण्याचं कारण असं, की गेल्या दहा वर्षांत एकामागून एक शहरांनी लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांकडे मोर्चा वळवला आहे. नेपल्सजवळच्या सान व्हितालियानो या छोट्या गावानं डिसेंबर २०१५ मध्ये गाळणी नसलेल्या लाकडी भट्ट्या हिवाळाभर बंद ठेवायला सांगितल्या. भट्ट्यांच्या धुराबाबतचा न्यू यॉर्कचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दिल्लीत हवा बिघडली की ‘ग्रॅप’च्या, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे निर्बंध कडक करणाऱ्या योजनेच्या, टप्प्यांत हॉटेलांच्या तंदूरमधला कोळसा आणि सरपण बंद होतं. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि खानावळींना स्वच्छ इंधनाकडे जायला सहा महिन्यांची मुदत दिली. प्रत्येक ठिकाणी वादाची मांडणी एकच झाली: एका बाजूला परंपरा आणि चव, दुसऱ्या बाजूला फुफ्फुसं. मांडणी अशी केली की निकाल आधीच लागलेला असतो, कारण फुफ्फुसांच्या विरोधात कोण बोलणार? पण ती मांडणीच चुकीची आहे. कोणत्या पदार्थाला किती आच लागते आणि धुराड्यातून नेमकं काय बाहेर पडतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. कायद्यानं दुसरा मोजावा. पहिल्याचा विचार मुदत आणि मदत ठरवताना करावा. इंधनाचं नाव घेऊन सरसकट बंदी घातली, तर दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

आधी आचेचं बघू. नेपल्सच्या पिझ्झाची नियमावली १९८४ मध्ये स्थापन झालेली असोसियात्सिओने वेराचे पित्सा नापोलेताना ही संस्था सांभाळते. तिच्या हिशेबानं भट्टीची फरशी ३८० ते ४३० अंश, घुमट सुमारे ४८५ अंश आणि भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. पिठात मैदा, पाणी, मीठ आणि नाममात्र यीस्ट. तेल नाही, साखर नाही. गोळा २०० ते २८० ग्रॅमचा. हे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, त्यातला एक सोडवला की बाकीचे सुटतात. तापलेल्या पृष्ठभागातून फेकली जाणारी उष्णता त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. म्हणून ४८५ अंशांचा घुमट २६० अंशांच्या ओव्हनच्या छतापेक्षा साधारण चौपट उष्णता खाली टाकतो. कडा दीड मिनिटात फुगते, वर काळे ठिपके येतात आणि आतला भाग ओला, मऊ राहतो, तो त्यामुळे. हेच पीठ २६० अंशांत टाकलं तर रंग यायला सात-आठ मिनिटं लागतात, तोवर पाणी उडून जातं आणि हातात टोस्ट येतो. मग कमी आचेच्या ओव्हनसाठी पिठात दोन-तीन टक्के तेल आणि एक-दोन टक्के साखर घालावी लागते. तेल मऊपणा धरून ठेवतं, साखर रंग आणते. उलट हे साखरेचं पीठ ४५० अंशांच्या भट्टीत घातलं तर मिनिटभरात खालून कडू जळतं.

फरशीचंही तसंच. नेपल्सच्या भट्ट्यांत सच्छिद्र मातीच्या जाड लाद्या असतात. माती उष्णता हळूहळू सोडते, म्हणून ४३० अंशांवरही पिझ्झाचा तळ टिकतो. तिथे लोखंडी पत्रा असता तर अर्ध्या मिनिटात कोळसा झाला असता. घरच्या अडीचशे अंशांच्या ओव्हनमध्ये मात्र पोलादी पत्राच बरा, कारण तिथे उष्णता भराभर देणारं काहीतरी हवं असतं.

या सगळ्यात लाकूड कुठे आलं? ते फक्त घुमट तापवायला. ‘लाकडाच्या धुराची चव’ ही जाहिरातीतली गोष्ट आहे. नीट पेटलेल्या भट्टीत थंड हवा दाराच्या खालच्या बाजूनं आत येते आणि ज्वाळा व धूर घुमटाला चिकटून वरच्या वर धुराड्यात जातात. पिझ्झा खाली फरशीवर, तोही दीड मिनिट. धूर मुरायला ना वेळ ना वाट. गिऱ्हाईक ज्याला धुरकट चव म्हणतं ती बहुतेक वेळा जळालेल्या कडेची आणि फरशीवर करपलेल्या कोरड्या पिठाची असते. पिझ्झाला खरोखर धुराचा वास येत असेल, तर ती भट्टी नीट चाललेली नाही असं समजावं: लाकूड ओलं आहे, किंवा घुमट अजून तापलेला नाही.

आणि धूर होतो तोही इथेच. भट्टी पेटवताना पहिला पाऊण तास सर्वांत घाण. थंड घुमटावर काजळी बसते, तो काळा दिसतो. तापमान साडेतीनशेच्या पुढे गेलं की काजळी जळून विटा पुन्हा पांढरट होतात. त्यानंतर कोरडं, मनगटाएवढं फोडलेलं लाकूड थोडं थोडं घातलं तर धुराड्यावर जवळपास काही दिसत नाही. मध्यम भट्टीला तापल्यावर तासाला चार-पाच किलो पुरतं. एकदम मोठा ओंडका टाकला, की तो आधी धुमसतो आणि मग पेटतो. लाकडात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओल असली, की आचेचा काही भाग पाणी उडवण्यात जातो आणि धूर वाढतो. रात्री झाकण लावून ठेवलेली जाड भिंतींची भट्टी सकाळी दोनशे अंशांच्या वर असते, म्हणून रोज चालणारी भट्टी आठवड्यातून दोनदा पेटणाऱ्या भट्टीपेक्षा स्वच्छ असते. शनिवार-रविवारीच ‘वुड फायर्ड’चा थाट करणारी रेस्टॉरंटं ही सर्वांत वाईट जात.

कोळशाची गोष्ट वेगळी आहे, आणि न्यू यॉर्क त्याचं उत्तम उदाहरण. लोम्बार्डीज १९०५ चं, कोनी आयलंडवरचं टोटोनोज १९२४ चं, ब्लीकर स्ट्रीटवरचं जॉन्स १९२९ चं, ईस्ट हार्लेमचं पॅट्सीज १९३३ चं. ही सगळी अँथ्रासाइट कोळशाची घराणी. अँथ्रासाइटमध्ये उडून जाणारे वायू फारच कमी, त्यामुळे ज्वाला आखूड आणि आच कोरडी. लाकूड किंवा गॅस जळताना पाण्याची वाफही बरीच होते. अँथ्रासाइटची फार कमी. म्हणून या भट्ट्यांतला पिझ्झा नेपल्सपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त राहतो, पातळ आणि कडक होतो, आणि उचलला तर वाकत नाही. हा कोरडेपणा ही खरी चव आहे, खोटी नाही. पण डोळ्यांना दिसणारा धूर कमी म्हणजे कोळसा स्वच्छ असं नव्हे. सूक्ष्म कण, गंधक, कार्बन मोनॉक्साइड हे सगळं असतंच, फक्त दिसत नाही.

मग न्यू यॉर्कची ओळख कोळशात आहे का? तिथल्या पर्यटकांच्या याद्यांत ही जुनी नावं असतात खरी, पण शहर रोज जे खातं तो पिझ्झा गॅसचा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातला, कागदी थाळीत मिळणारा, दुमडून चालता चालता खायचा तुकडा. तो दोनशे साठ ते नव्वद अंशांच्या गॅसच्या डेक ओव्हनमधून, म्हणजे सपाट फरशीच्या बुटक्या भट्टीतून, येतो. सहा ते आठ मिनिटं भाजल्यामुळे त्यातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, वर कमी ओलीचं मोझरेला असतं, म्हणून तो तासाभरानं पुन्हा गरम केला तरी सुधारतो. कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा तसा थांबत नाही. जॉन्समध्ये ‘तुकडे मिळणार नाहीत’ ही पाटी उगाच लागलेली नव्हती. कार्माइन स्ट्रीटवरचं १९७५ चं जोज हे गॅसचं दुकान आहे आणि न्यू यॉर्कचा तुकडा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी तेच नाव येतं. इंधन बदललं तेव्हा जुना पिझ्झा तसाच राहिला नाही, हे मान्यच करायला हवं. पण त्यातून शहराला दुसरा पिझ्झा मिळाला, आणि आज शहराचं नाव त्याच्यावर आहे.

रोमचा दाखला तर आणखी सरळ आहे. तिथला पित्सा आल ताल्यो, म्हणजे मोठ्या आयताकृती लोखंडी ट्रेमध्ये भाजून कात्रीनं कापून वजनावर विकला जाणारा पिझ्झा, अनेक दशकं विजेच्या ओव्हनमध्ये होतो. व्हॅटिकनच्या मागच्या बाजूला गाब्रिएले बोंची यांचं पित्सारियुम २००३ पासून आहे. तिथल्या पिठात मैद्याच्या पाऊणपट किंवा त्याहून जास्त पाणी असतं, ते थंडीत दीर्घकाळ फुगवतात आणि तीनशे अंशांच्या आसपास भाजतात. खालची आणि वरची आच वेगवेगळी हवी असल्यानं इथे वीज लाकडापेक्षा सोयीची पडते. या पिझ्झाला कोणी नकली म्हणत नाही. (रोममध्ये बटाट्याचा तुकडा सोडू नये. पातळ काप, मीठ, ऑलिव्ह तेल, सॉस नाही. शाकाहाऱ्यांसाठी तर सोनंच, कारण इटलीत किसून घातलेल्या पारमेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं, आणि ते टाळायचं तर बटाटा किंवा नेपल्समधला बिनचीजचा मरिनारा हेच खात्रीचे.)

शिकागो आणि डेट्रॉइटबद्दल फार बोलायची गरज नाही. शिकागोचा डीप डिश १९४३ च्या पिझ्झेरिया ऊनोपासूनचा, जाड पातेल्यात अर्धा-पाऊण तास भाजतात, म्हणून चीज खाली आणि टोमॅटो वर. उलट केलं तर चीज करपतं. डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा १९४६ च्या बडीजचा, मोटार कारखान्यांतल्या निळसर पोलादी ट्रेमध्ये केलेला, कडेला चीजची खरपूस भिंत. दोन्हींत भांडं महत्त्वाचं, इंधन कोणतंही चालतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ट्रेंटनचा ‘टोमॅटो पाय’ नावाचा पिझ्झा जवळ पडतो: आधी चीज, वर टोमॅटो, आणि हा क्रमच त्याची सही.

म्हणजे शहराच्या पिझ्झाची ओळख तापमान, वेळ, पाण्याचं प्रमाण आणि भांडं यांच्या जुळणीत असते. यांतल्या दोनच घराण्यांना, नेपल्स आणि कोळशाच्या भट्ट्यांना, चारशेच्या वरची आच खरोखर लागते. आणि आता ती विजेवरही मिळते. मातीची फरशी आणि कमी उंचीचा घुमट असलेल्या, साडेचारशेच्या वर जाणाऱ्या विजेच्या भट्ट्या निघाल्या आहेत, आणि ज्या नेपल्सच्या संस्थेनं लाकडाचा झेंडा इतकी वर्षं धरला तिनंच ठरावीक गॅस आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे. कर्मठांनी यावर डोकं आपटलं. पण संस्थेनं बघितलं ते योग्य: फरशी किती, घुमट किती, दीड मिनिटात कडा फुगते का.

अडचण चवीपेक्षा वायरीची आहे. अशा भट्टीला बारा ते अठरा किलोवॅटचा थ्री-फेज जोड लागतो. जुन्या इमारतीतल्या दुकानाचा मंजूर भार पाच-सात किलोवॅटचा असेल तर नवी केबल, नवं मीटर, कधी कधी इमारतीच्या मुख्य पॅनेलचंही काम. शिवाय लागोपाठ वीस पिझ्झे गेले की फरशी थंड पडते. लाकडाच्या भट्टीत जाड वस्तुमान तो धक्का झेलतं, विजेच्या भट्टीत कमी वॅटचं मॉडेल घेतलं तर तळ पांढरा राहतो. विक्रेता हे सांगत नाही. म्हणून घेताना ‘किती अंशांपर्यंत जाते’ हे विचारून भागत नाही. ‘सलग तासभर मिनिटाला एक या हिशेबानं फरशी किती उतरते’ हे विचारावं.

आता न्यू यॉर्कच्या नियमाकडे. २०२३ च्या उन्हाळ्यात बातम्या अशा आल्या की शहर पिझ्झावर बंदी आणतंय. एका गृहस्थानं निषेध म्हणून सिटी हॉलच्या कुंपणावरून पिझ्झाचे तुकडे फेकले. नियम वाचला तर त्यात बंदी नाही. मे २०१६ च्या आधी बसवलेल्या लाकूड-कोळशाच्या भट्टीवाल्यानं इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून तपासणी करून घ्यायची: धुरातले कण ७५ टक्के कमी करणारी गाळणी बसते का? बसत असेल तर बसवा. बसत नसेल तर किमान २५ टक्के कमी करणारं काहीतरी सुचवा, आणि तेही शक्य नसेल तर का नाही ते लेखी सांगा. २०१६ नंतरच्या नव्या भट्ट्यांना गाळणी सुरुवातीपासूनच सक्तीची. बाधित दुकानं सारी मिळून शंभराच्या आसपास. मूळ कायदा २०१५ चा, अंमल २०२४ ला. मधली वर्षं गेली म्हणून काही लोक हसतात, पण दुकानदाराला पैशाची जुळणी करायला तोच वेळ मिळाला. मला हा नियम आदर्श वाटतो, कारण त्यानं कोळशाचं नाव घेतलं तरी मोजलं ते धुराड्याचं तोंड.

गाळणी म्हणजे काही जादूची पेटी नाही, हे इथेच सांगायला हवं. सर्वांत स्वस्त प्रकार पाण्याच्या फवाऱ्याचा. धूर पाण्याच्या पडद्यातून जातो, ठिणग्या विझतात, जाड काजळी खाली बसते. पण सर्वांत घातक असलेले अतिसूक्ष्म कण त्यातून बरेचसे निसटतात. ते पकडायला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर लागतो, म्हणजे कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर ओढून घेणारी पेटी. लाकडाच्या धुरातलं डांबर त्या पत्र्यांवर लुकणासारखं बसतं. दर आठवड्याला धुतलं नाही तर महिन्याभरात पेटी नुसती नळी होऊन राहते, आणि साचलेलं डांबर पेटण्याचा धोका वेगळा. दोन्ही प्रकारांत धुराला अडथळा होतो म्हणून पंखा लावावा लागतो. पंखा गरजेपेक्षा जोराचा असला की तो भट्टीतली गरम हवाही ओढून नेतो, घुमट उतरतो, भट्टीवाला जास्त लाकूड घालतो, आणि धूर कमी करायला लावलेलं यंत्र धूर वाढवतं. नळीत आपोआप उघडणारी हवेची झडप बसवली की हे टळतं. ती किरकोळ किमतीची वस्तू आहे आणि नेमकी तीच वाचवली जाते. फवाऱ्याचं आम्लयुक्त काळं पाणी थेट गटारात सोडलं तर एक प्रदूषण दुसऱ्या नावानं चालू. आणि छतावर ही सगळी यंत्रणा ठेवायला घरमालकाची परवानगी हवी, तिथे अनेक प्रकरणं अडकतात.

ब्राझीलचं साओ पावलो हे इशाऱ्याचं उदाहरण. तिथल्या मोटारी मोठ्या प्रमाणावर उसाच्या इथेनॉलवर चालतात, पण शहरभर पसरलेल्या हजारो पिझ्झेरियांत निलगिरीचं लाकूड जळतं, आणि २०१६ मध्ये संशोधकांनी त्या धुराकडे बोट दाखवलं. एकेक भट्टी छोटी असते म्हणून बेरीज छोटी होत नाही.

मुंबईत ही चर्चा आली तेव्हा पिझ्झा आणि पाव एकाच ओळीत उभे राहिले. त्यांचं नातं आहेच. महाराष्ट्रातल्या गावागावांत जो पिझ्झा सर्वाधिक खाल्ला जातो तो नेपल्सचा नाही आणि साखळी दुकानांचाही नाही. बेकरीतून पिशवीत आणलेले तयार बेस, त्यावर गोडसर सॉस, कांदा, ढोबळी मिरची, मका, किसलेलं प्रोसेस्ड चीज, आणि तव्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं. अहमदाबादमध्ये जसुबेनचा पिझ्झा याच कुळातला. याला हसणारे हसोत. शहरानं स्वतःच्या चुलीला जमेल तसा पिझ्झा घडवला, हेच नेपल्सनं आणि न्यू यॉर्कनंही केलं. आणि तो बेस बऱ्याच ठिकाणी पावाच्या त्याच भट्टीत, पाव निघाल्यावर उरलेल्या आचेवर, टोचे मारून अर्धवट भाजलेला असतो.

पण आचेच्या हिशेबानं दोन्ही दुकानं अगदी वेगळी आहेत, आणि मुंबईतल्या आदेशाची माझ्या मते मोठी उणीव इथे आहे. पावाला लागतात सव्वादोनशे ते अडीचशे अंश. ती आच गॅसवर, विजेवर सहज मिळते. पावाची चव फारशी बदलत नाही. ‘खऱ्या’ नेपल्स पिझ्झाला मात्र त्याच्या दुप्पट आच लागते. म्हणजे ज्याला मोठ्या विस्तवाची खरोखर गरज आहे त्या पिझ्झेरियात एका थाळीला सात-आठशे रुपये मोजणारं गिऱ्हाईक आहे, आणि ज्या बेकरीला तितक्या विस्तवाची गरज नाही तिच्याकडे भट्टी बदलायला पैसे नाहीत. शिवाय धुराचा मोठा वाटा बेकरीचा. बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या २०२४ च्या पाहणीत निम्म्याच्या जवळपास बेकऱ्या लाकडावर होत्या आणि सरासरी वापर दिवसाला सुमारे १३० किलो होता. आठ तास चालणारी पिझ्झाची भट्टी चाळीस किलोच्या आत भागवते. त्यातही बेकरीत येतं ते बहुतेकदा भंगारातलं लाकूड: मोडकी दारं, पॅकिंगच्या पेट्या, प्लायवूड. रंग, व्हार्निश आणि गोंद जळून निघणारा धूर साध्या बाभळीच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी. तो धूर सर्वांत आधी जातो भट्टीसमोर फावडं घेऊन उभ्या असलेल्या आणि वरच्या माळ्यावर झोपणाऱ्या कामगारांच्या छातीत. परंपरेच्या बाजूनं गळा काढणाऱ्यांनी त्यांना विचारल्याचं दिसत नाही.

म्हणून दोघांना एकच मुदत आणि एकच हुकूम देणं बरोबर नाही. पिझ्झेरियानं स्वतःच्या खर्चानं गाळणी बसवावी किंवा उच्च तापमानाची विजेची भट्टी घ्यावी. सहा महिने त्याला पुरेसे आहेत. बेकरीला बदलायला लावावंच, पण पैसा आणि जोडणी आधी द्यावी. जुनी विटांची भट्टी पाडायची गरज नसते. बाजूला अग्निपेटी काढून तिथे बर्नर बसवला तर जाड भिंतींची साठवलेली आच तशीच वापरता येते आणि पाव तसाच उतरत्या आचेवर निघतो. यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ज्वाला थेट विटेवर सोडली तर विटा तडकून पापुद्रे निघतात, म्हणून पुढे अग्निरोधक विटांचा आडोसा हवा. ज्वाला विझली तर गॅस बंद करणारी सुरक्षा झडप नसली तर स्फोटाची वाट बघायची. जुनं रुंद धुराडं तसंच ठेवलं तर आच वाया जाते. आणि गॅसच्या वाफेनं पावाची साल मऊ राहते, त्यासाठी शेवटची तीन-चार मिनिटं झडप उघडून वाफ काढायची. हे शिकायला भट्टीवाल्याला काही आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांतला माल खराब होतो. त्याचा खर्च कोणत्याच योजनेत धरलेला नसतो.

बंदीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद अंमलबजावणीचा आहे. लाकूड आहे की नाही हे शिपायालाही दिसतं; धुरातले कण मोजायला यंत्र लागतं, आणि पालिकेकडे माणसं नाहीत. मुद्दा खरा आहे. पण रोज मोजायची गरजच नाही. वर्षातून एकदा धुराड्याची तपासणी परवाना नूतनीकरणाला जोडता येते. अधल्यामधल्या दिवसांसाठी रिंगेलमन तक्ता आहे: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांचं साधं कार्ड, धुराकडे धरून क्रमांक वाचायचा. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही पद्धत वॉर्डातल्या निरीक्षकाला एका दुपारी शिकवता येते. भट्टी पेटवण्याचा पहिला पाऊण तास सोडून पहिल्या क्रमांकापेक्षा गडद धूर दिसला की नोटीस. सोबत दोन टाचण्यांचं ओल-मापक, जे काही हजारांत मिळतं: सरपणाच्या ढिगातले पाच तुकडे फोडून आतली ओल बघायची, वीसच्या वर आली तर माल परत. रंगवलेलं लाकूड किंवा प्लाय सापडलं तर तिथल्या तिथे दंड. हे सगळं डोळ्यांनी आणि हातांनी होतं. कोळशाला मात्र हा तक्ता लावून उपयोग नाही, कारण त्याचं वाईट दिसत नाही. म्हणून दाट वस्तीत गाळणीशिवाय कोळसा नको, आणि नवा परवाना तर लाकडालाही गाळणीशिवाय नको. इथे मी बंदीवाल्यांच्या बाजूला आहे.

राहता राहिली जोडणी. बेकरीला पाइपचा गॅस मिळाला तर प्रश्न मिटतो, पण अरुंद गल्ल्यांत आणि मालकीचे वाद असलेल्या चाळींत तो लवकर पोहोचत नाही. मग सिलिंडर. १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर पाच. मोठ्या बेकरीला ते जेमतेम एक-दीड दिवस पुरतात, आणि सहावा सिलिंडर ठेवला की स्फोटक विभागाचा परवाना, अंतराचे नियम, मोकळी जागा. जी तिच्याकडे नाही. पालिकेनं ज्या वॉर्डांत आधी पाइप टाकला त्या वॉर्डांत आधी मुदत संपवावी, बाकीच्यांना पाइप पोहोचल्यापासून सहा महिने द्यावेत, आणि तोवर रंगीत लाकडाच्या एका फळीलाही माफी देऊ नये.